होमिओपॅथीचा वाद आणि काविळीची माळ

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवस संप केला, कारण सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा (फार्माकॉलॉजीचा) एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये करायचं सरकारने ठरवलं होतं. मी मुंबईत परळला शिकले, आता इंग्लंडमध्ये नोकरी करते, पण बॅचच्या ग्रुपवर त्यावरून अजून भांडणं चालूच आहेत. माझं मत सांगते, एका वर्षात फार्माकॉलॉजी येत नाही आणि चुकलेला डोस पेशंटलाच भोवतो.

पण लालबाग-गिरगावातली माणसं होमिओपॅथकडे का जातात ह्यावर कोणी बोलतच नाही. अहो, तो विचारतो! झोप कशी लागते, थंडी सोसते का, भीती कशाची वाटते.

आमच्या ओपीडीत एक आई कावीळ झालेल्या मुलाला घेऊन आली होती, मुलाच्या गळ्यात काविळीची माळ, म्हणजे कावीळ उतरावी म्हणून घालतात ती झाडाच्या काड्यांची. रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, खेकसला, "हे काय घातलंय, काढा आधी," आणि ती बाई पुढच्या तारखेला आलीच नाही. माळेने काही बिघडत नव्हतं. काड्या सुकल्या की गाठी सैल होऊन माळ लांबते, तोवर हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूमुळे होणारी कावीळ, बहुतेक मुलांमध्ये आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. धोका आहे तो घरी बसून वाट बघण्यात. मूल गुंगायला लागलं, बरळायला लागलं, कुठून रक्त आलं तर त्याच क्षणी घेऊन या, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसायला हवं होतं, आणि ओरडून ते बसत नाही.

इथे इंग्लंडमध्ये बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांना प्लॅब ही परीक्षा द्यावी लागते, तिच्या दुसऱ्या भागात समोर पेशंट बनलेला नट असतो, एकेका केसला आठ मिनिटं, आणि "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" हे विचारणं अपेक्षितच असतं. पुढे काहीजण ते पोपटासारखं म्हणतात, हेही खरं. पण इथल्या डॉक्टरला माळ म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं, आपल्याला ते आजीकडूनच ठाऊक असतं आणि तरी कॉलेजात आपण ठाऊक नसल्यासारखं वागायला शिकतो, ह्याचा मला खरंच राग येतो.

एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉम आलंय, म्हणजे वागणूक, नीतिमत्ता, संवाद. चांगलंच आहे. आता फायनलच्या प्रॅक्टिकलला जसं लिव्हर चाचपायला लावता तसं माळ घातलेल्या मुलाच्या आईशी मराठीत-हिंदीत आठ मिनिटं बोलायला लावा, आणि त्यात नापास झाला तर नापास करा.