वेबमिन टाकलं की टर्मिनलला सुट्टी? काहीही!

ठाणे-नवी मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड फिरतंय, की लिनक्स सर्व्हरवर एपीटीने (सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) वेबमिन, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पॅनल, टाका, दोन मिनिटांत काम होतं, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) शिकायचीच गरज नाही, ब्राउझरने वॉर्निंग दिली तर बिनधास्त पुढे जा, राऊटरवर १०००० पोर्ट (वेबमिनचा नेटवर्कवरचा दरवाजा) उघडा आणि घोडबंदरला घरी बसून महापेच्या ऑफिसातला सर्व्हर चालवा. वेबमिन मीही रोज वापरतो, मस्त आहे, पण यातलं अर्धं चुकीचं आणि उरलेलं धोक्याचं आहे.

पहिलं, एपीटी. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) वेबमिन नाहीच, थेट कमांड मारलीत तर पॅकेज सापडत नाही असंच उत्तर येणार. आधी वेबमिनची ऑफिशियल सेटअप स्क्रिप्ट चालवून त्यांची रिपॉझिटरी जोडायची, मग एपीटी. आणि हे सगळं कुठे करणार? टर्मिनलमध्येच ना भाऊ!

पासवर्ड विसरलात तरी तिथेच, वेबमिनची पासवर्ड बदलायची स्क्रिप्ट, चेंजपास डॉट पीएल, चालवायला. उबुंटूवर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा) पासवर्ड डिफॉल्टने नसतो म्हणून लोक लॉगिन पेजवर अडकतात, तिथे पूर्ण सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची परवानगी) असलेला आपला नेहमीचा युजर चालतो, हे फॉरवर्डवाल्याने लिहिलं असतं तर निदान काही उपयोग झाला असता.

ब्राउझरची वॉर्निंग सेल्फ-साइन्ड (सर्व्हरने स्वतःच बनवलेल्या) सर्टिफिकेटमुळे येते, ऑफिसच्या लॅनवर, सर्व्हर आपलाच आहे हे माहीत असताना, ठीक आहे. बाहेरच्या वायफायवरून नको, त्याच पेजवर सर्व्हरचा पासवर्ड टाकताय.

आता पोर्ट. वेबमिन रूट म्हणून चालतं, म्हणजे त्यात घुसला तो अख्ख्या मशीनचा मालक. २०१९ मध्ये उघड झालं की १.८९० ते १.९२० या व्हर्जनमध्ये कोणीतरी बॅकडोअर (चोरदरवाजा) घुसवला होता, तोही २०१८ मध्ये, वेबमिनची पॅकेजेस जिथे तयार होतात त्या बिल्ड सर्व्हरवरच. गिटहबवरचा कोड साफ, सोर्सफोर्जवरून डाउनलोड केलेली पॅकेजेस मात्र बाधित. १.८९० मध्ये तर डिफॉल्ट सेटिंगवरच लॉगिन न करता रूटच्या कमांड चालत होत्या, आणि दुरुस्त केलेलं १.९३० येईपर्यंत ज्यांचा १०००० जगाला उघडा होता त्यांनीही "स्ट्राँग पासवर्ड आहे की" असाच विचार केला असेल.

घरून हवंच असेल तर एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतचा एन्क्रिप्टेड बोगदा) करा, आपल्या घरच्या मशीनचा १०००० सर्व्हरच्या लोकलहोस्ट १०००० ला जोडा आणि वेबमिनच्या सेटिंग फाइलमध्ये, मिनीसर्व्ह डॉट कॉन्फमध्ये, बाइंड १२७.०.०.१ ठेवून (म्हणजे ते फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडेल) वेबमिन रीस्टार्ट करा. राऊटरवरचं ते १०००० चं फॉरवर्डिंग मात्र आजच काढून टाका.