‘कार्ड चालत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजचं काय करायचं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघींनी पाठवला. एकदा तो आमच्या स्वयंसाहाय्य गटाच्या ग्रुपवर आला, एकदा चक्क हळदीकुंकवाच्या आमंत्रणाखाली. मजकूर असा: ‘गोव्यात गर्भपाताला कुठलंच सरकारी आरोग्य कार्ड चालत नाही, कारण तो गुन्हा आहे. नवऱ्याची सही लागते. लग्न झालेलं नसेल तर पोलिसांना कळवतात. म्हणून खासगीत रोख मोजा, नाहीतर फार्मसीतून गोळ्या आणा. सर्व बहिणींना पाठवा.’

मी डिचोलीत विम्याचं काम करते. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचणं हेच माझं पोट. त्यामुळे ‘सर्व बहिणींना’ पाठवण्याआधी एकेक वाक्य तपासून बघितलं.

‘गुन्हा आहे.’ नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ती मुदत ठरावीक स्त्रियांसाठी आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, गर्भात गंभीर दोष आढळलेली वगैरे. त्यापुढे गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि बाईचा जीव वाचवायचा असेल तेव्हा आठवड्यांची अट आड येत नाही. मागितला की मिळाला, असा हा कायदा नाही, कारण लागतं. पण बाईच्या शरीराला किंवा मनाला होणारा धोका हे कारण आहे, आणि गर्भनिरोधक फसलं हेही त्यातच धरलं जातं. हा गुन्ह्याचा समज बहुतेक सोनोग्राफीच्या दारावरच्या पाटीमुळे झाला असावा. ती पाटी गर्भलिंग निदानाविषयी आहे. तो कायदा १९९४ चा, निराळा.

आता मुख्य वाक्य, ‘कार्ड चालत नाही’. इथे जरा थांबावं लागेल, कारण हे एखाद्या बाईच्या अनुभवातूनच आलेलं असणार. गोव्यात लोक ‘कार्ड’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असतं. ही योजना २०१६ ची, पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबांसाठी. काहींकडे आयुष्मान भारतचं असतं, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. दोन्ही योजना इस्पितळात भरती होऊन घेतलेल्या, यादीत नाव असलेल्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मानच्या यादीत बारा आठवड्यांपर्यंतचा आणि त्यानंतरचा गर्भपात अशी वेगवेगळी पॅकेजं आहेत, म्हणजे ‘कुठलंच’ हा शब्द इथेच पडला. पण नऊ आठवड्यांपर्यंत गर्भपात गोळ्यांनी होतो. बाई ओपीडीत दाखवते, घरी जाते. भरती नाही, म्हणून कार्डही नाही. काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘ह्याला कार्ड चलना.’ ऐकणारीला वाटतं, गर्भपातालाच चालत नाही.

माझ्या मते खरा घोळ असा, की सरकारी इस्पितळात गोवेकराला कार्डाची वाट बघायचं कारणच नाही. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ), म्हापशाचं जिल्हा इस्पितळ (लोकांच्या तोंडी आझिलो), मडगावचं जिल्हा इस्पितळ (पूर्वीचं हॉस्पिसियो). तिथे गोवेकरांवर उपचार मोफत होतात आणि बाळंतपण-स्त्रीरोग विभागात गर्भपात हा उपचारच आहे. शिवाय खासगी इस्पितळाला गर्भपात करायला वेगळी मान्यता घ्यावी लागते, सरकारी इस्पितळाला कायद्यानेच ती असते. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना मात्र गोमेकॉत शुल्क आहे. कुंडई किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींनी हे आधी विचारून घ्यावं.

त्याच मुलींसाठी मेसेजने ज्याचा उल्लेखसुद्धा केला नाही ती गोष्ट म्हणजे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर मडगावच्या ईएसआय इस्पितळाचा रस्ता मोकळा आहे. वर्गणीचे दिवस भरलेले असतील तर कायदेशीर गर्भपातानंतर सहा आठवड्यांचा मातृत्वलाभ मिळतो, गर्भ आपोआप पडला तर मिळतो तसाच. ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठीही सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. हे सांगितलं की समोरची बाई माझ्याकडे अशी बघते, जणू मी नवीन पॉलिसी खपवतेय.

आणि गंमत बघा, जिथे पैसे खरोखर नाकारले जातात ते या मेसेजमध्ये नाहीच. ते माझ्याच धंद्यात आहे. खासगी आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अपवादांमध्ये अठराव्या क्रमांकावर बाळंतपणाचा खर्च बसतो. अपघाताशिवाय आपोआप पडलेला गर्भ आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपात दोन्ही त्यात. गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत, म्हणजे नळीत राहिलेला गर्भ तेवढा या अपवादातून सुटतो, त्याचा खर्च मिळतो. तुम्ही मातृत्वाचं जादा कव्हर घेतलं असेल तर त्याच्या व्याख्येत कायदेशीर गर्भपात येतो, मात्र प्रतीक्षाकाळ संपलेला हवा. एका ओळखीच्या बाईचा दावा याच मुद्द्यावर परत आला, आणि पॉलिसी विकणाऱ्याने हे पान कधी उघडलंच नव्हतं. (मी नव्हते. पण सुरुवातीच्या काळात माझ्याकडूनही हे पान न उघडता सह्या झाल्या आहेत.)

‘नवऱ्याची सही.’ कायद्यात कुठेच नाही. बाई अठरा वर्षांवरची असेल तर संमती तिची एकटीची. कुणी सही मागितली तर ती त्या जागेची रीत म्हणायची. अठराखालच्या मुलीसाठी किंवा मनोरुग्ण बाईसाठी पालकाची संमती लागते, बस.

‘लग्न झालेलं नसेल तर पोलीस.’ गर्भनिरोधक फसल्याच्या कलमात आधी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असं होतं. २०२१ साली ते ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ झालं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांची मुदतही अविवाहित स्त्रियांना खुली केली. पोलिसांची गोष्ट खरी आहे ती अल्पवयीन मुलींबाबत, कारण डॉक्टरांना पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळवावं लागतं. तरी त्याच निकालानुसार मुलीने आणि पालकांनी सांगितलं, तर त्या कळवण्यात तिचं नाव उघड करायची गरज नाही. बाकी डॉक्टरने बाईचं नाव बाहेर फोडलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एक मात्र ध्यानात ठेवा: नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीतून दावा केलात, तर दाव्याचे कागद पॉलिसीधारकाच्या नावाने, म्हणजे त्याच्याकडे जातात. गुपित फुटतं ते बहुधा या वाटेने.

राहिला शेवटचा सल्ला, ‘फार्मसीतून गोळ्या आणा’. सगळ्यात वाईट हाच. गोळ्या वाईट नाहीत, डॉक्टरही त्याच देतात. पण त्या चिठ्ठीवरच मिळायच्या गोळ्या आहेत. किती आठवडे झाले आणि गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे फार्मसीच्या काउंटरवर कळत नाही. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, आणि गोळ्या घेतल्यावर दुखणारच असं समजून बाई घरीच पडून राहते. घेऊन झाल्या असतील आणि रक्त थांबत नसेल, ताप किंवा चक्कर येत असेल, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा. कार्ड घरी राहिलं तर राहू द्या.