नुसतं नाव टाकून कवी सापडत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे: ‘इंग्रजांचं दप्तर चोख. व्हिक्टोरियन काळातला कितीही किरकोळ कवी घ्या, वंशावळीच्या साइटवर नाव टाका, अर्ध्या तासात जन्म, लग्न, जनगणना, मृत्यू सगळं हाती येतं. जे सापडत नाही ते घडलंच नाही.’ शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या भरवशावर माणसांची चरित्रं चुकीची लिहिली जातात. लॉरेन्स होप यांच्यावर हा दावा तपासून बघू. ‘द गार्डन ऑफ काम’ हे त्यांचं पुस्तक लंडनला १९०१ साली निघालं.

‘नाव टाका.’ पण कुठलं? लॉरेन्स होप हे टोपणनाव. त्या नावाने शोधलं तर भलतेच पुरुष हाती लागतात. कवयित्रीचं माहेरचं नाव एडेला फ्लोरेन्स कोरी, सासरचं निकल्सन. टोपणनावामागचं माणूस शोधायला स्टेशनर्स हॉल या लंडनच्या मुद्रक-प्रकाशक संघाच्या कचेरीतली ग्रंथहक्क (कॉपीराइट) नोंदवही उपयोगी पडते. ती आता लंडनमधल्या क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्यात आहे. मात्र ही नोंद ऐच्छिक होती आणि मालकाच्या रकान्यात पुष्कळदा प्रकाशकच असतो.

‘जन्म लगेच मिळतो.’ एडेला जन्मल्या ९ एप्रिल १८६५ला, स्टोक बिशप इथे. आज हा भाग ब्रिस्टॉलमध्ये मोडतो, म्हणून लोक ‘ब्रिस्टॉल’ टाकून बसतात. तेव्हाचा नोंदणी जिल्हा होता क्लिफ्टन. शिवाय सरकारी जन्मनोंदणीची सूची जन्मतारखेची नसते, नोंदणीच्या तिमाहीची असते. नोंदवायला ४२ दिवसांची मुदत, त्यामुळे डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत निघू शकतं. इंग्लंडमधली ही सरकारी, म्हणजे नागरी, नोंदणीच मुळी १ जुलै १८३७ला सुरू झाली आणि पालकांवर खरी सक्ती आली ती १८७४च्या कायद्याने. त्याआधीचा जन्म सूचीत नसेल तर चर्चची बाप्तिस्मा नोंदवही उघडायची, ‘जन्म संशयास्पद’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

‘जनगणनेत वय अचूक असतं.’ १८४१मध्ये पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. एकोणीस वर्षांचा मुलगा पंधराचा लागतो. १९०१पर्यंत आपण पाहतो त्या गणकाने उतरवून काढलेल्या वह्या; घरोघरी भरलेले मूळ तक्ते बहुतेक नष्ट झाले. त्या वह्यांमध्ये वयाच्या रकान्यावर कारकुनांनी बेरजेसाठी मारलेल्या रेघा असतात आणि नेमका आकडाच त्यांच्याखाली झाकला जातो. म्हणून टंकित उताऱ्यावर थांबू नये, पानाचं चित्र मोठं करून बघावं. आणि जनगणना त्या रात्री तिथे असलेल्यांची. ५ एप्रिल १८९१ला एडेला हिंदुस्थानात होत्या, तर इंग्लंडच्या वहीत त्यांना शोधून काय मिळणार?

आपल्या वाचकांना जवळचा भाग इथून सुरू होतो. लग्न १८८९ला, कराचीत. वडील लाहोरला होते आणि पंजाबच्या नोंदी बंगालच्या संचात असत, म्हणून बंगालच्या नोंदी चाळणारे रिकाम्या हाताने परततात. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे पाद्र्याने पाठवलेली नक्कल मुंबईच्या संचात शोधायची. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याच्या, दप्तरात या संचांच्या खुणा अशा: बंगाल ‘एन/१’, मद्रास ‘एन/२’, मुंबई ‘एन/३’. मृत्यू ४ ऑक्टोबर १९०४ला मद्रासमध्ये, नवरा गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत. दफनाची नोंद शोधायची ती ‘एन/२’मध्ये. इंग्लंडची नेहमीची मृत्यूसूची घेऊन बसलेल्याला तो सापडायचा नाही. पण मृत्यू तर झाला होता!

मृत्युपत्रासाठी १८५८पासूनची राष्ट्रीय प्रोबेट सूची, म्हणजे न्यायालयाने मंजूर केलेल्या मृत्युपत्रांची सूची, बघावी. परदेशी वारलेल्यांचीही नावं तिथे येतात, पण बहुधा इंग्लंडमध्ये मालमत्ता असेल तरच. १८९८पूर्वीच्या रकमेत जमीनजुमला धरलेला नसतो, म्हणून छोटा आकडा बघून कवीला दरिद्री ठरवू नये.

आडनावाचंही बघा. या निकल्सनमध्ये ‘सी’नंतर ‘एच’ नाही, पण नक्कल करणारे सवयीने तो घालतात. ‘सी’नंतर तारांकन (*) टाकून शोधलं की दोन्ही रूपं येतात. एवढं करूनही काही मिळालं नाही तर टिपणात कुठला संच, कुठली वर्षं आणि कुठली स्पेलिंगं बघितली ते लिहून ठेवावं. पुढच्या शोधकाला तिथूनच सुरुवात करता येईल.