नाक घासून पिल्लू काय शिकतं?

‘कुत्र्याच्या पिल्लाला 7 दिवसांत घराची शिस्त, शंभर टक्के अनुभवसिद्ध’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, फक्त जोडलेले हात आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’. परवा तो आमच्या आत्तेबहिणीपर्यंत पोहोचला. तिच्याकडे नऊ आठवड्यांचं पिल्लू आहे, आणि तिच्या सामानाच्या यादीत डांबराच्या गोळ्या लिहूनही झाल्या होत्या. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पिल्लू दीड महिन्याचंच आणा, लवकर शिकतं. घरात शू केली की त्याचं नाक त्यात घासा आणि पेपरच्या गुंडाळीने एक फटका द्या. कान पाडून बसलं की समजा त्याला चूक कळली. संध्याकाळी 6 नंतर पाणी बंद. जागा फिनेलने पुसा आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवा. दारात निळीच्या पाण्याची बाटली ठेवा. सगळ्या लशी होईपर्यंत उंबरठ्याबाहेर काढू नका, तोवर घरात पेपर पसरा. सातव्या दिवशी पिल्लू तयार.

आधी नाक घासण्याचं बघू, कारण शिकवण्यातल्या बाकी चुका लवकर भरून निघतात, ही निघायला महिने लागतात.

शू झाली, तुम्ही स्वयंपाकघरातून आलात, थारोळं दिसलं, पिल्लाला मानगुटीला धरून तिथे नेलं. यात पाच मिनिटं तरी गेली. पिल्लाच्या लेखी ती शू केव्हाच संपली. मधल्या वेळात त्याने चप्पल चावली, पडद्याशी कुस्ती केली, पाणी प्यायलं. शिक्षा नेमकी कशाची हे त्याला जोडता येत नाही. त्याला जोडता येतं ते एवढंच: जमिनीवर ओल आणि समोर माणूस, दोन्ही एकत्र आले की मार बसतो. मग ते अगदी तर्कशुद्ध वागतं. माणसासमोर शू करणं सोडतं आणि सोफ्यामागे, पलंगाखाली, देवघराच्या कोपऱ्यात करायला लागतं. खाली नेलं तर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे असता, म्हणून अर्धा तास फिरूनही करत नाही, आणि घरात येऊन पट्टा सुटला की दोन मिनिटांत आतल्या खोलीत करतं. लोक म्हणतात, ‘मुद्दाम करतो हो, खुन्नस काढतो.’ खुन्नस वगैरे काही नाही. तुमच्यासमोर करणं धोक्याचं आहे हे तुम्हीच शिकवलंत. काही पिल्लं तर पुरावा नको म्हणून स्वतःची शी खायला लागतात, आणि मग त्यासाठी वेगळा मेसेज शोधला जातो.

‘पण ते कान पाडतं, नजर चुकवतं, त्याला कळतं ना!’ हा या सगळ्याचा आधारस्तंभ आहे, तेव्हा तो जरा हलवून बघू. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 पाळीव कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे प्रयोग करणाऱ्यांच्या हातात होतं, आणि परतलेल्या मालकाला काय सांगायचं हेही. म्हणजे काही वेळा न खाल्लेल्या कुत्र्यालाही ओरडा बसला. अपराधी चेहऱ्याचा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याच्याशी संबंध आढळला नाही. संबंध होता मालकाच्या ओरडण्याशी. उलट, ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली त्यांच्यात तो चेहरा जास्तच ठळक दिसला. कान पाडणं, शेपूट पायात घेणं, अंग आकसणं ही ‘चिडू नका’ अशी विनवणी आहे. कबुलीजबाब नव्हे.

पेपरच्या गुंडाळीचंही हेच. फार लागत नाही म्हणे. लागतं की नाही हा प्रश्नच नाही, हात वर गेला की दबकणारा कुत्रा कुणाला हवाय? काही पिल्लं मुळात भीतीने किंवा आनंदाने थेंबभर शू करतात, कुणी अंगावर वाकलं की किंवा बेल वाजून पाहुणे आले की. त्यांना मारलं तर शू वाढते. तिथे उपाय एवढाच: वाकू नका, रोखून बघू नका, बाजूला तिरपे बसा आणि पिल्लाला तुमच्याकडे येऊ द्या.

मेसेजमधला प्रत्येक उपाय शू झाल्यानंतरचा आहे, आणि खरं काम तर शू होण्याआधीचं आहे. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास धरू शकतं, खेळताना त्याहून बरंच कमी. ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ही कमाल मर्यादा. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ रंगल्यावर मधेच, आणि झोपण्याआधी त्याला न्यायचंच. दिवसाला दहा-बारा फेऱ्या होतात. जमिनीचा वास घेत गोल फिरणं, खेळ सोडून अचानक कोपऱ्याकडे निघणं, दाराशी घुटमळणं या खुणा दिसल्या तर तुमच्या हातात काही सेकंद आहेत. बोलत बसू नका, उचला.

उचला म्हणजे खरंच उचला. सहाव्या मजल्यावरच्या पिल्लाला चालवत नेलं तर शू लिफ्टमध्ये होते आणि वॉचमनशी भांडण वेगळं. रोज एकाच जागी न्या, पट्टा हातात ठेवून गप्प उभे राहा. पाच मिनिटं. शू पूर्ण झाल्यावर, मधे नाही, दोन-तीन सेकंदांच्या आत हरभऱ्याच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. खाऊ खिशात हवा. वर जाऊन डब्यातून काढून दिलेला खाऊ लिफ्टमधून वर आल्याचं बक्षीस होतो. आणि शू झाली की लगेच घरी ओढू नका, दोन मिनिटं खेळू द्या. नाहीतर शू केली की मजा संपते असा धडा घेऊन ते मुद्दाम लांबवतं. नाहीच केली तर परत आणा, पण मोकळं सोडू नका. पट्टा तुमच्या कमरेला बांधा किंवा त्याला त्याच्या पिंजऱ्यात ठेवा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. पिंजरा उभं राहता, वळता आणि पसरून झोपता येईल एवढाच हवा. मोठा घेतला तर एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं.

करताना रंगेहाथ सापडलं, तर एक टाळी किंवा ‘अरे!’ एवढंच, आणि उचलून बाहेर. उरलेले दोन थेंब तिथे पडले तरी खाऊ द्या. नंतर सापडलं तर पिल्लाला काहीही बोलायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची. चार दिवसांत दिसतं की दुपारचे अपघात साडेतीनच्या आसपास होतात; मग फेरी सव्वातीनला.

आता पाणी. रात्री झोपायच्या तास-दीड तास आधी वाटी उचलली तर चालतं, दिवसभर पिल्लू पोटभर प्यायलेलं असेल तर. एवढं अर्धं सत्य मेसेजच्या पदरात टाकतो. पण संध्याकाळी 6? अकोल्यात-चंद्रपुरात एप्रिल-मे महिन्यात, कोरड्या दाण्यांवर वाढणाऱ्या पिल्लाला रात्रभर पाण्यावाचून ठेवणं म्हणजे त्याला आजारी पाडणं. शिवाय तहानलेलं पिल्लू सकाळी घटाघटा पितं आणि सगळं दुपारपर्यंत फरशीवर येतं. रात्रीसाठी गजर आहे. अकराला शेवटची फेरी, मधे तीनला एक. दिवा लावायचा नाही, खेळायचं नाही. काही दिवस कोरडे गेले की गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र मला सौम्य लिहिता येणार नाही. त्या बहुतेक नॅप्थलीनच्या असतात. पिल्लू जग तोंडाने तपासतं आणि कोपऱ्यातली पांढरी गोल वस्तू त्याला खेळणं वाटते. नॅप्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृतालाही इजा होते, आणि लहान पिल्लाला एक गोळीही पुरते. उलट्या, फिक्या किंवा तपकिरी हिरड्या, गडद रंगाची लघवी ही लक्षणं कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात, तोवर माणसं निर्धास्त असतात. गोळी गिळल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजत बसू नका; पाकीट घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. गोळीऐवजी कापूर ठेवा अशी सुधारित आवृत्तीही फिरते, तोही कुत्र्याला विषारीच.

फिनेल त्याच जातीचं. काळ्या फिनेलमध्ये डांबरातून निघणारी फिनॉलसारखी रसायनं असतात. ओल्या फरशीवरून पिल्लू चालतं, मग पंजे चाटतं. लाळ गळणं, उलट्या, तोंडात फोड. आणि ज्यासाठी हे केलं ते होतंच नाही. वास आपल्या नाकाला झाकला जातो, कुत्र्याच्या नाही.

पुसायची रीत अशी. आधी जुन्या फडक्याने दाबून टिपा. घासलं तर शू फरशांच्या सांध्यात जाते. साध्या पाण्याने पुसा. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओता आणि पाकिटावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. लोक ते फवारून लगेच पुसतात आणि म्हणतात काम करत नाही. ते नसेल तर एन्झाइमवाली कपड्यांची पावडर चमचाभर, लिटरभर कोमट पाण्यात, आणि नंतर स्वच्छ पाणी. व्हिनेगर निम्मं पाणी घालून सिरॅमिक टाइलवर चालतं. संगमरवर, कोटा, शहाबादी यांवर नको, आम्लाने दगड झिजतो. गादीवर टिपून झाल्यावर खायचा सोडा रात्रभर. ब्लीच ताज्या शूवर कधीच नको, त्यातल्या अमोनियाशी मिळून घातक वायू सुटतो. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र तर मुळीच नको. जुने डाग सापडत नसतील तर अंधारात अतिनील टॉर्च मारा. दिसेल ते बघून धक्का बसेल.

निळीच्या बाटलीवर किती शब्द खर्च करायचे? गल्लोगल्ली त्या फाटकाला टांगलेल्या असतात आणि शेजारीच कुत्रा तंगडी वर करून उभा असतो.

‘दीड महिन्याचंच आणा’ हे तर उलटं आहे. केंद्राच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शू करायची सवय पिल्लू आईजवळ, भावंडांत राहून पक्की करतं. जाळीच्या पिंजऱ्यातून तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाला घाणीत झोपायची सवय लागलेली असते आणि तेच शिकवायला सर्वांत जड जातं.

लशींच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. पार्व्हो पिल्लांना मारतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. भटकी कुत्री येतात त्या मैदानात, बागेत लशी पूर्ण होईपर्यंत नेऊ नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातूनही नको, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो. पण शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास असतो. तोवर उंबरठ्याआत कोंडलं तर टाइल म्हणजेच संडास हे त्याचं पक्कं झालेलं असतं. अमेरिकेतली पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांची संघटनासुद्धा पहिल्या लशीनंतर सात दिवसांनी पिल्लांना त्यांच्या प्रशिक्षण वर्गात न्यायला हरकत नाही म्हणते. मधला मार्ग आहे: कडेवर घेऊन गच्चीवर, किंवा जिथे दुसरी कुत्री येत नाहीत अशा कंपाउंडच्या कोपऱ्यात. तेही नसेल तर बाल्कनीत दोन बाय तीन फुटांचा ट्रे आणि त्यात नर्सरीतून आणलेला हिरवळीचा तुकडा. पहिल्या दिवशी त्याच्याच शूत बुडवलेला कापूस तिथे ठेवा. पेपरनेही काम भागतं, पण पुढे तो सोडवण्याचं काम वाढतं, आणि जमिनीवर पसरलेली रविवारची पुरवणी ही त्याची हक्काची जागा होते.

सात दिवस? सात दिवसांत तुम्हाला त्याच्या वेळा कळतात. बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांची होताना भरवशाची होतात, लहान जातींना जास्त वेळ लागतो. दोन आठवडे छान चाललेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब करायला लागलं, कुंथायला लागलं किंवा शूत लाल दिसलं तर ते शिस्तीचं नसतं. लघवीची तपासणी करा. शी सारखी पातळ होत असेल तर आधी दूध-पोळी बंद करून बघा, गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. उलट्या आणि रक्ताची शी एकत्र असेल तर त्याच तासाला दवाखाना.

आणि घरातली सगळी पायपुसणी आजच उचलून ठेवा. पायाखाली मऊ, ओल शोषणारं, गवतासारखं. पिल्लाच्या दृष्टीने ते संडास म्हणूनच अंथरलेलं असतं. दाराशी धुळीचे पाय चार-पाच महिने सहन करा.