भर दुपारी, रेनकोट घालून: धावण्याविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: भर उन्हात धावलेला एक किलोमीटर हा थंडीतल्या दोन किलोमीटरच्या बरोबरीचा असतो; घाम म्हणजे वितळलेली चरबी, म्हणून रेनकोट किंवा प्लास्टिकचे जाकीट घालून धावावे; धावण्याच्या आधी आणि नंतर तासभर पाणी पिऊ नये; केनियाचे धावपटू उन्हात वाढतात म्हणून जगात जिंकतात; आणि जोवर घाम येत आहे तोवर उष्माघाताची भीती नाही. माझ्या भाच्याने हा संदेश ‘मामा, उद्यापासून सुरू करतोय’ एवढ्या एका ओळीसह मला पाठवला. त्याच्या अकादमीतील काही मुले आधीच रेनकोट घालून मैदानावर उतरू लागली आहेत, असेही त्याच्याकडून कळले, आणि म्हणून हे लिहिणे भाग पडले.

रेनकोटाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी वेळ वाया जाईल, या चुकीने जीव जाऊ शकतो. घामात पाणी असते, मीठ असते, चरबी नसते. शरीरातील चरबी खर्च होते तेव्हा तिचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. धावून आल्यावर काट्यावर दिसणारी एक-दीड किलोची घट ही जवळजवळ सगळी पाण्याची असते आणि रात्रीपर्यंत ती भरून निघते. उलट उष्णतेत त्याच वेगाने धावताना स्नायू साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, अधिक वापरतात. त्यामुळे ज्या चरबीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, तिचा वाटा वाढण्याऐवजी घटतो.

आता घामाचे खरे काम पाहू. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने आतच निर्माण होतो आणि ती उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्वचेवरून घाम सुकणे. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम नुसता ओघळून खाली पडला तर जवळजवळ काहीच जात नाही. कोकणातील दमट हवेत धावणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. रेनकोट घालणे म्हणजे सुकण्याची ती वाट स्वतःच्या हाताने बंद करणे होय.

याचा परिणाम काय होतो, हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत अवघ्या ३३ दिवसांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मरण पावले. तिघेही स्पर्धेच्या वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवत होते. तिघांनीही हवा न खेळणारे रबरी किंवा प्लास्टिकचे कपडे चढवून गरम जागेत व्यायाम केला होता आणि पाणी तोडले होते. तेथील रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९९८ मध्ये या तिन्ही मृत्यूंचा तपशील प्रसिद्ध केला आणि महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने असे पोशाख वापरण्यास बंदी घातली. ही तिघेही प्रशिक्षक पाठीशी असलेली, कसलेली, तरुण मुले होती. आपल्या संदेशातील रेनकोट आणि पाणीबंदी एकत्र केली की नेमकी तीच कृती तयार होते, फरक इतकाच की येथे त्यात मे महिन्याचे ऊनही घातले आहे.

पाण्याबाबत एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. भरतीच्या मैदानी चाचणीतील १६०० मीटरच्या धावेच्या तोंडावर ढसाढसा पाणी प्यायल्यास पोटात कळ येते, आणि अति पाणी पिणेही लांब पल्ल्यात घातक ठरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, पातळ होऊन प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. परंतु त्यावरून धावून आल्यावर तासभर घोटभरही पाणी घेऊ नये, असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. तहान लागेल तेव्हा प्यावे.

‘दुप्पट किलोमीटर’ आणि केनिया या दोन्ही दाव्यांना एकच शर्यत पुरेशी आहे. दोहा येथील २०१९ च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत स्त्रियांची मॅरेथॉन उष्णतेमुळे मध्यरात्री सुरू करण्यात आली, तरीही तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि दमटपणा ७० टक्क्यांच्या वर होता. ६८ जणी धावल्या. २८ जणींना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. विजेती रूथ चेपनगेटिच केनियाचीच होती. त्याच वर्षी जानेवारीत तिने दुबईत २ तास १७ मिनिटे ८ सेकंद अशी वेळ दिली होती. दोह्यात तिला २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले. उन्हात धावून वेग वाढत असता, किंवा केनियाच्या धावपटूंना उष्णता बाधत नसती, तर ही पंधरा मिनिटांची घसरण झाली नसती. शिवाय केनियाचे नामवंत धावपटू जेथे सराव करतात ते इतेन गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही हजार मीटर वर आहे आणि तेथील सकाळ गारठ्याची असते.

उष्णतेचा सराव ही कल्पना मुळात खोटी नाही, हे सांगायला हवे. रोज बेताने उष्णतेत व्यायाम केल्यास दहा ते चौदा दिवसांत रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, नाडी कमी धडधडते. पण हे बदल देखरेखीखाली, पाणी पिऊन, साध्या कपड्यांत होतात, आणि त्यांचा उपयोग प्रामुख्याने लांबच्या शर्यतीत असतो. १६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपतात. तेथे वेग लागतो, आणि दुपारी हृदय बरेचसे रक्त त्वचेकडे थंडाव्यासाठी पाठवण्यात गुंतलेले असताना तो वेग सरावात गाठताच येत नाही. चाचणीतील १०० मीटरला उबदार हवा थोडी मदत करते, हे खरे. त्यासाठी चांगला वॉर्म-अप पुरतो.

शेवटचा दावा, घाम येत असेल तर उष्माघात नाही, हा रेनकोटाखालोखाल धोकादायक आहे. कोरडी त्वचा हे लक्षण प्रामुख्याने उन्हाळ्यात घरात बसलेल्या वृद्धांमध्ये दिसते. धावताना होणाऱ्या उष्माघातात माणूस बहुधा घामाने निथळत असतो. बरळणे, तोल जाणे, विनाकारण चिडणे, कोसळणे ही त्याची खरी खूण आहे, आणि तेव्हा शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतील पोलीस भरतीत तेव्हाच्या पाच किलोमीटरच्या धावेत कोसळून उमेदवारांचा मृत्यू झाला होता, हे भरतीच्या गटांत तरी विसरले जाऊ नये. अमेरिकेतील फालमथ येथील उन्हाळी शर्यतीत १८ वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ जणांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवण्यात आले आणि त्यांतील एकही दगावला नाही. आपल्या मैदानावर टब नसेल, पण टँकर, बादल्या आणि ओल्या चादरी असतात: कपडे सैल करावेत, मुलाला सावलीत आडवे करून अंगावर सतत गार पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्धीत नसल्यास तोंडात पाणी घालू नये, आणि हे सगळे १०८ ला फोन लावतानाच सुरू करावे, गाडी येण्याची वाट पाहत नव्हे.