एकच कार्यक्रम सर्वांना कसा लागू पडेल?
सर्व कर्मचाऱ्यांचे आरोग्य राखण्यासाठी वार्षिक तपासणी आणि चालण्याची स्पर्धा पुरेशी आहे, हे कामाच्या ठिकाणच्या आरोग्य कार्यक्रमांवरील लेखातील मत मला पटत नाही. लंडनमधील सरकारी नोकरांच्या, १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात खालच्या श्रेणीत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठांपेक्षा कितीतरी अधिक आढळले आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात घेऊनही ती तफावत पूर्णपणे उलगडली नाही; १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे हेही कारण पुढे आले. रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्या कामगाराला अकराच्या योगवर्गाचा काय उपयोग? रक्तदाबाची तपासणी त्याच्या पाळीतच व्हावी, कँटीनमध्ये रात्रीही कमी मिठाचे ताजे जेवण मिळावे आणि, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, पाळ्यांचे वेळापत्रक ठरवताना त्याला विचारले जावे.