नळाच्या पांढरट पाण्याबद्दल खुलासा

"नाशिकमध्ये नळाला दुधाळ पाणी येतंय, क्लोरीन जास्त पडलाय, पिऊ नका" असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. पाणी पांढरट दिसतं हे खरं, पण शुद्धीकरणापुरता क्लोरीन पाण्याला पांढरं करत नाही.

दुरुस्तीसाठी जलवाहिनी रिकामी केली की आत हवा शिरते. पुरवठा सुरू झाला की दाबाखाली ती पाण्यात विरघळते आणि नळाशी दाब सुटताच बारीक बुडबुडे होतात. खात्री घरीच करा. काचेच्या ग्लासात पाणी दोन-तीन मिनिटं ठेवा. तळापासून वर नितळ होत गेलं, तर ती हवाच. गाळ असला तर उलट होतं, तळाशी थर बसतो. असं पाणी मात्र पिऊ नका, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार द्या.

क्लोरीनच्या हलक्या वासानेही घाबरू नका. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा. जुलाब-काविळीपासून तोच वाचवतो. अशा मेसेजमुळे लोक हे पाणी सोडून न तपासलेलं टँकरचं पाणी घेतात, याची मला खरी काळजी वाटते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.